न धुतलेले बारा शर्ट

शर्टावर आकडे उठवण्याचं काम मी जळगावात नानांकडून शिकलो. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मुंबईहून छापाचे कागद यायचे, त्यावर उलटे आकडे असायचे. कागद शर्टावर पालथा ठेवायचा, वरून तापलेली इस्त्री दाबायची आणि कागद काढला की आकडा कापडावर राहायचा. ऐकायला एवढंच.

नाना असोद्याहून रोज बसने यायचे. त्यांची कोळशाची इस्त्री होती. ती गालाजवळ धरून ते ताव ओळखायचे. इस्त्री सरकवायची नाही, सरळ वरून भार द्यायचा. सात श्वास मोजायचे. मग कागद पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. मी घाईने कोपरा उचलायला गेलो की ते मनगटावर टपली मारायचे.

"तुले कुठली गाडी पकडनी शे? थंडं होऊ दे."

पण पहिली गोष्ट म्हणजे धुणं. मिलच्या नव्या कापडाला खळ असते. ती निघाली नाही तर छाप खळीला चिकटतो, कापडाला नाही. दिसायला झकास दिसतो आणि पहिल्या घामाला सुटतो. म्हणून कापड धुऊन, वाळवून द्यायचं. हे काम माझ्याकडे होतं.

आणखी एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. चाळीस वर्षांच्या इस्त्रीने नानांच्या बोटांची टोकं मेली होती. कापड चोळून खळ आहे की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. दुकानमालक शेठजींना हे समजलं तर काम जाईल, म्हणून त्यांनी ते एकट्या मला सांगितलं होतं. ते कापड चोळायचे, पण ते शेठजींना दाखवायला. खरं उत्तर ते माझ्या तोंडून घ्यायचे.

पारोळ्याच्या कबड्डी संघाचे बारा निळे शर्ट आले. सामने धुळ्याला होते. छापायच्या आदल्या दिवशी ते धुवायचे होते आणि मी शिरपूरला मुलगी बघायला गेलो. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. पाणी होतं. सकाळी मी शर्टांवर नुसतं पाणी शिंपडलं, कडक उन्हात टाकले आणि घडी करून नानांपुढे ठेवले.

नानांनी एक शर्ट उचलला. अंगठा आणि तर्जनी यांच्यात बराच वेळ चोळला. मग माझ्याकडे पाहिलं.

"बठ्ठा धुयात ना, भाऊ?"

"हो नाना, सगळे."

त्यांनी कोळसे फुंकले. मी पुढ्यात उभा राहून बारा वेळा सात श्वास मोजले. आकडे पांढरेशुभ्र उठले. शेठजी खूश झाले. "हे काम बघायला आपण तिघंही धुळ्याला जाऊ," म्हणाले.

मैदानावर पहिली चढाई झाली तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्या चढाईत सातच्या आकड्याची कड उभी राहिली. मला ती लांबूनही दिसली. नानांना दिसली नाही. ते शेंगा खात होते. मग खेळाडूला पाठीमागून धरलं आणि धरणारा उठला तेव्हा अख्खा सात त्याच्या तळव्याला चिकटलेला होता. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "अरे, त्याचा नंबर लागला!" अर्ध्या तासात निम्मे शर्ट कोरे झाले. पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

शेठजी ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "चोळूनही खळ कळली नाही? नाना, हात दाखवा."

त्यांनी एक टाचणी नानांच्या बोटाला हलकेच टोचली. नाना शेठजींच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बोट हललं नाही.

मी अगदी शेजारी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं.

"मना हात गया आते," नाना मलाच म्हणाले, समजूत घातल्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांच्या जागेवर मी बसलो.

वर्षभराने सगळं सांगायचं ठरवून असोद्याला गेलो. नाना ओट्यावर होते, मांडीवर नातवाचा नवा सदरा. तो बोटांत चोळत त्यांनी विचारलं, "भाऊ, या कापडमा खळ शे का?"

मी चोळून पाहिलं. "आहे, नाना."

"बघ. माले समजनंच नही. ते बारा शर्टबी असेच खराब कयात मी."

चहा आला. मी तो प्यायलो आणि परतीची बस धरली. नाना गेले, तेही तसंच समजून.

आता दुकान माझं आहे, इस्त्रीच्या जागी छापायची लोखंडी पाटी विजेवर तापते. गेल्या हिवाळ्यात सुई बोटात घुसली आणि मला कळलंच नाही. रक्त कापडावर दिसलं, तेव्हा समजलं. कामावरचा माणूस सकाळी शर्टांचा गठ्ठा पुढे ठेवतो. मी एक उचलून चोळतो. बोटांना काहीच लागत नाही.

"धुतले ना?"

"हो, भाऊ," तो म्हणतो आणि दुसरीकडे बघतो.