शोभाचं कार्ड यंदा वेळेवर पोचलं

मंडळी, आज दुपारी शाबासकी मिळेल म्हणून फोन उचलला आणि भलतंच ऐकलं!

तलवाड्याची माझी मावसबहीण शोभा नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जाते. माझं दिवाळीचं कार्ड पोचेपर्यंत त्यांच्या घराला कुलूप लागलेलं असतं. मग पोस्टमन ते दाराखालून आत सरकवतात. अशी मी वेंधळी!

यंदा ठरवलंच. पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट कॅलेंडरच्या खिळ्यालाच अडकवलं आणि दसऱ्याआधी पोस्टात टाकलं.

"आक्का, कार्ड भेटलं. लई भारी हाय," शोभा म्हणाली. "आमची गाडी उद्या निघायची."

"बघ, आले की नाही वळणावर!" मी फुशारकी मारली.

"ते खरं, पर आक्का... सहा महिन्यानं कुलूप काढलं की उंबऱ्याच्या आत तुझं कार्ड पडलेलं असायचं. घरात कुणीतरी वाट बघत बसलंय असं वाटायचं. आता काय दिसंल?"

फोन ठेवला आणि दुसरं कार्ड लिहायला बसले. हे दिवाळी उलटल्यावर टाकायचं.

तुमच्याकडंही उशिरा आलेलंच बरं वाटतं, असं काही आहे का? सांगा. मी तोवर कॅलेंडरवर लाल पेनानं खूण करते, नाहीतर हेही चुकून वेळेवर जायचं!