नाक्यावर खरवडलेली सायकल

निजामाच्या राज्यात मी औरंगाबादच्या एका तरण्या सायकलपटूचा उस्ताद होतो. नगरची शर्यत जिंकला, तर तिथला सायकलवाला शेठ त्याला पगारी स्वार म्हणून ठेवणार होता. नगर इंग्रजांकडं, आणि मी शहाण्यानं हौसेनं त्याची जुनी सायकल लालभडक रंगवलेली. सरहद्दीच्या जकात नाक्यावर कारकून अडून बसला, "नवा माल आहे. महसूल भरा." माझा खिसा रिकामा. पोरानं दगड उचलला, कारकुनादेखत रंग खरवडला आणि खालचा गंज दाखवला. "आता जुनी झाली का, जनाब?"

कारकुनानं महसूल न घेताच जाऊ दिलं. सायकलीच्या त्या अवताराला नगरकर लई हसले. पण शर्यतीत हाच पहिला आला. पुढं मी ब्रश उचलला की म्हणायचा, "उस्ताद, तुम्ही फक्त हवा भरा."