पिवळ्या उजेडाची बॅटरी

उपकेंद्रात नर्स म्हणून लागले तेव्हापासून माझ्या एप्रनच्या खिशात बॅटरी असते. लोकांना वाटतं, नर्सचं काम म्हणजे सुई टोचणं. खरं तर माझा निम्मा दिवस कुणाच्या तरी तोंडात, डोळ्यांत नाहीतर कानात डोकावण्यात जातो. आणि पाटोद्याच्या आसपासच्या आमच्या गावांत भर दुपारीही घरात उजेड असेलच असं नाही. पत्र्याची घरं, पुढून एकच दार. खिडकी असली तरी तिच्यासमोर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी. लाईट तिला यायचं तेव्हा येते.

अशा कामाला चांगली बॅटरी लागते हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण चांगली म्हणजे कशी, हे कळेपर्यंत नोकरी सरत आली.

पहिली बॅटरी घरातलीच होती, दोन जाड सेलांची, पत्र्याची. नवरा ती शेतात पाणी द्यायला न्यायचा. ती खिशात घातली की एप्रन एका बाजूला ओढला जायचा आणि शेवटी खिशाची शिवणच उसवली. मग औषध कंपनीच्या एका माणसानं पेनासारखी बारीक बॅटरी दिली. उजेड छान होता, पण बटण दाबून धरलं तरच लागायची, म्हणजे एक हात तिच्यातच अडकायचा. तिला लागणारे बारीक सेलही गावात मिळेनात. त्यानंतर घेतली भिंतीत खोचून चार्ज करायची. संध्याकाळी लावावी तर लाईट गेलेली, सकाळी न्यावी तर अर्ध्या वाटेवर मिणमिणायला लागलेली.

सगळ्यात छळलं ते तीन तऱ्हांनी लागणाऱ्या बॅटरीनं. एकदा दाबलं की मोठा उजेड, दोनदा दाबलं की बारीक, आणि तिसऱ्यांदा दाबलं की उघडझाप. एका लेकराचा घसा बघताना माझं बोट चुकून जास्त दाबलं गेलं. तोंडासमोर उघडझाप सुरू झाली तसं ते पोर इतकं भेदरलं, की माझ्या बोटाला कडकडून चावलं आणि गोठ्यात जाऊन लपलं. त्याची आई हसत होती. मला हसायचंही त्राण नव्हतं.

नवे डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, "सिस्टर, मोबाईलची बॅटरी वापरा की, वेगळी कशाला?"

मी हो म्हणाले. पण मोबाईल दातांत धरता येत नाही, आणि जखम धुवायची तर मला दोन्ही हात मोकळे लागतात. शिवाय हल्ली सगळ्या नोंदी मोबाईलवरच भरायच्या असतात, त्यामुळे दुपारपर्यंत त्याचाच जीव गेलेला असतो. हे सगळं त्यांना समजावून सांगायचाही कंटाळा आला.

गेल्या भादव्यात माझ्याकडे होती ती बीडच्या स्टँडबाहेर हातगाडीवर घेतलेली. छोटी, हलकी आणि उजेड असा पांढराफेक, की बघणाऱ्यानं डोळेच मिटावेत. मी तिच्यावर खूश होते.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. नुसता दमटपणा. गुडघे सकाळपासून ठणकत होते. गावातल्या आशाताईनं सांगितलं, की डोंगराकडच्या वस्तीवर एक लेक माहेरी बाळंतपणाला आलीय, दवाखान्यातून घरी येऊन दोन दिवस झालेत, बाळ बघून घ्या. मी चढ चढत गेले. त्यानंतर अजून बरीच घरं राहिली होती.

बाळंतीण आतल्या खोलीत होती. तिची आई वयानं माझ्याएवढीच, कामानं वाळलेली, बोलायला मात्र भारी उत्साही. मला बघताच म्हणाली, "लेकरू लई गुणाचं हाय, सिस्टर. रडतच न्हाई. पाजायलासुदिक उठवावं लागतंय."

हे ऐकलं आणि मी जरा थांबले. न रडणारं, पाजायला उठवावं लागणारं बाळ घरच्यांना गुणी वाटतं. आम्हाला त्याची धास्ती वाटते.

मी बॅटरी लावली. बाळ गोधडीत गुंडाळलेलं होतं. कपाळावर बोट दाबून उचललं, तर खालची कातडी पांढरी. छातीवर दाबलं, तिथंही पांढरी. कावीळ नाही असं म्हणून उठावं, असाच तो रंग होता. माझं दमलेलं शरीर तर उठायला तयारच होतं. तेवढ्यात बॅटरीचा झोत बाळंतिणीच्या तोंडावर गेला. तिनं कपाळाला हळद लावलेली होती. त्या उजेडात ती हळदसुद्धा पांढुरकी, राखेसारखी दिसत होती.

मी पुन्हा तिच्या कपाळावर उजेड धरला. ती म्हणाली, "काय झालं, बाई?"

"काही नाही. बाळाला जरा दारात घेऊन या. मला दिवसाच्या उजेडात बघायचंय."

तिची आई आडवी आली. "भायेर? न्हाई, न्हाई. आज पाचवी हाय त्याची. आज सटवाई येती नशीब लिव्हायला. आजच्या दिशी लेकरू भायेर काढीत न्हाईत."

"बाहेर नाही नेत, अक्का. उंबऱ्याच्या आतच धरते."

"कावून पण? त्याला काय झालंय? दवाखान्यातून आणलं तवा चांगलं म्हणले व्हते."

"तेव्हा चांगलंच असेल. कावीळ नंतर चढते. मला नुसतं बघू द्या."

"हितंच बघा की. एवढी बॅटरी हाय तुमच्याकडं."

तिचं चुकत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर मी लख्ख उजेड पाडला होता आणि आता म्हणत होते, की दिसत नाही. वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि म्हणाले, "बघितल्याशिवाय मी उठणार नाही, अक्का. तुमचं सगळं होऊ द्या, मी बसते."

बाळ झोपेतच होतं. शेवटी बाळंतीणच म्हणाली, "आई, दे की त्यास्नी. उंबरा वलांडत न्हाईत म्हणल्यात ना?"

आईनं बाळाच्या कानावरून टोपी नीट ओढली आणि स्वतःच त्याला दाराशी घेऊन आली. मी गोधडी सैल केली. आभाळाचा तो मळका उजेडही पुरेसा होता. छातीवर बोट दाबून उचललं, पिवळं. मांडीवर दाबलं, पिवळं. तळपाय बघितले. तिथंही पिवळेपणा उतरला होता.

"उन्हाचा रंग आसंल," ती हळू आवाजात म्हणाली.

"ऊन कुठंय, अक्का?"

तिनं वर बघितलं. मग आपलं खरबरीत बोट बाळाच्या तळपायाला टेकवलं, माझ्यासारखंच दाबलं आणि उचललं. बराच वेळ ती त्या इवल्या पायाकडे बघत राहिली.

"मग आता?"

"आता बीडला. लगेच."

"आन सटवाईचं?"

आतून लेकीचा आवाज आला. "जितं लेकरू आसंल तितं यील ती. तू पिशवी भर, आई."

अँब्युलन्सला फोन केला. गाडी वस्तीपर्यंत येत नव्हती, म्हणून खालच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. घरातली माणसं रानात होती, म्हणून मीही बसले सोबत. मी अधूनमधून बाळाच्या तळपायाला टिचकी मारायची. ते कुरकुरलं की बरं वाटायचं.

दवाखान्यात रक्त तपासलं. कावीळ बरीच चढलेली होती, पण वेळ गेलेली नव्हती. बाळाला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडाखाली ठेवलं. त्याची आजी काचेला हात लावून उभी होती. मला म्हणाली, "उजेडानंच बरं व्हतंय व्हय हे?"

"होय. उजेडानंच."

"मग आमच्या घरात उजेड न्हाई म्हणून झालं का?"

"नाही, अक्का. तुमचं काही चुकलं नाही."

ती तिथंच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी तिच्याशेजारी बसले. मलाही बसायचंच होतं.

आठवडाभरात ती सगळी घरी परतली. मी गेले तेव्हा बाळ पत्रा हादरेल असं रडत होतं. आजी म्हणाली, "तुमच्यामुळं आता झोप न्हाई आमाला," आणि मला चहा टाकला.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी मी पाटोद्याला गेले. पर्समध्ये कागदात बांधून चिमूटभर हळद घेतली. बाजारपेठेत इलेक्ट्रिक सामानाचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार म्हातारे, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं शांत. त्यांनी एक मोठी बॅटरी पुढं ठेवली. "ही न्या, बाई. पार शेताच्या त्या टोकाला उजेड जातो."

"मला वीतभरच जायला पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी हळदीची पुडी उघडली आणि त्यांच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन एकेक बॅटरी हळदीवर धरायला लागले. ते दारात उभे राहून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "देवाधर्माचं काही हाय का?"

मी त्यांना बाळाची गोष्ट सांगितली. ते शिडी लावून वर चढले आणि माळ्यावरून धुळीनं भरलेला एक खोका उतरवून आणला. त्यात बोटाएवढ्या, एका सेलच्या बॅटऱ्या होत्या. "ह्या कुणी घेत न्हाई आता. उजेड कमी, तो बी पिवळसर."

हळदीवर धरली. हळद हळदीसारखी दिसली, आणि पुडीचा पांढरा कागद कागदासारखा.

बटण मागच्या टोकाला, एकच. एकदा दाबलं की लागते, पुन्हा दाबलं की विझते, दुसरं काही करत नाही. सेल भिंतीवरच्या घड्याळात घालतात तोच, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा. दातांत धरून बघितली. मावत होती, पण दात घसरत होते. मग मी ती हातातून फरशीवर सोडली.

"अहो, बाई!"

"रोजच पडणार आहे ती." उचलून दाबली. लागली.

मी दोन घेतल्या. घरी येऊन दोन्हींना मागच्या बाजूला चिकटपट्टीचे वेढे दिले, म्हणजे दातांना पकड येते.

दुसऱ्या दिवशी फेरीला निघाले, तर पहिल्याच घरी एक म्हातारबा ओसरीवर डोळा चोळत बसलेले. बाजरी काढताना डोळ्यात कुसळ गेलेलं. उन्हात त्यांना डोळा उघडवेना म्हणून आत नेलं, बॅटरी दातांत धरली आणि दोन्ही हातांनी पापणी उलटली. कुसळ वरच्या कडेला रुतून बसलं होतं. ओल्या कापसाच्या टोकानं ते अलगद निघालं. म्हातारबांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"झालं? एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी पाणी दिलं. मी तांब्या खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पुढच्या घराकडे निघाले.