पिळलेल्या खाचा

सुप्याजवळच्या भंगारात ती बाई मला एकदाच भेटली. नाव विचारलं नाही, कारण तेव्हा मला तिचा रागच आला होता.

माझं जीपचं गॅरेज आहे. डोंगरात जीप घालणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी मी जुना अ‍ॅक्सल निवडत होतो. दोन्ही चाकं एकदम फिरवणारा लॉकरही त्याला बसवायचा होता. शेजारी पन्नाशीची ती बाई स्वतःच्या जीपसाठी गिअर बघत होती. डोळे मिटून एकेका दातावरून नख फिरवायची आणि नको तो गिअर बाजूला ठेवायची. वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. सोबत आलेलं माझं गिऱ्हाईक तिच्याकडेच बघत राहिलं.

"मावशी, हा चालेल का?" त्यानं माझा अ‍ॅक्सल तिला दाखवला.

"त्यांना काय विचारता? एकदम चांगला आहे," मी म्हणालो. खरं तर मी तो नीट पाहिलाच नव्हता.

तिनं फडक्यानं टोकाचं ग्रीस पुसलं. तिथल्या खाचा सरळ असायला हव्यात, त्या पिळलेल्या होत्या.

"लॉकर बसवला की सगळा जोर ह्याच्यावर येतो, दादा. ह्यो आधीच दमलाय. पहिल्याच चढाला तुटंल."

तिनं दुसरा काढून दिला. माझे कान तापले. जाताना ती त्याला म्हणाली, "बसवून मातर ह्यांच्याकडूनच घ्या. ग्रीसमधी एवढं कुनाला दिसतंय?"

तिच्या नजरेचा हेवा मी कदाचित विसरलो असतो. पण तिच्या जागी मी असतो, तर असं सांभाळून घेतलं नसतं, आणि तेच अजून सलतं.