महाद्वार रोडवर मीच पावणी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो... खरं तर या अनुभवाची मला भीती वाटली नव्हती, लाज वाटली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर कोल्हापुरात, महाद्वार रोडला लागून असलेल्या गल्लीत. सासरही गावातच, त्यामुळे तो रस्ता कधी सुटला नाही. बी.एड.ची मैत्रीण सुनंदा नागपूरहून पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. तिला मी आधीच ऐकवलं होतं, "बघ तू, मला तिथं सरळ चालताच येत नाही. जो तो हाक मारतो."

दुपारी अंबाबाईचं दर्शन घेऊन आम्ही महाद्वारातून बाहेर पडलो. लख्ख ऊन, नेहमीची वर्दळ. कापड दुकानाचे अण्णा गादीवर बसले होते. माझ्या लग्नाचा शालू त्यांनीच काढून दिलेला.

"अण्णा, मैत्रीण आलीय माझी," मी हसत म्हटलं.

त्यांनी परक्यासारखं पाहिलं. "या की, बसा. कुठलं पावणं म्हणायचं तुम्ही दोघी?"

मला थट्टा वाटली. "अण्णा, मी शैला..."

"व्हय, व्हय," म्हणत त्यांनी साड्या पुढे सरकवल्या – गिऱ्हाइकाचं मन राखावं तशा.

पुढे भांड्यांच्या दुकानातही तेच. माझा आवाज उगाच मोठा होत चालला होता. शेवटी तिला चंद्रामावशीकडे नेलं. ही कासारीण मी परकरात होते तेव्हापासून माझ्या हातात बांगड्या भरायची. तिनं माझा हात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाली, "हाड आडवं येतंय हो तुमचं. हितं पहिल्यांदाच भरताय न्हवं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात काढून घेतला आणि चालू लागले.

वाटेत सुनंदा हळूच म्हणाली, "शैला, माझ्यासमोर मोठेपणा कशाला हवा गं तुला?"

दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या रस्त्याला फिरकले नाही. शेवटी धीर करून एकटीच मावशीकडे गेले. मला बघताच तिनं तोंड फिरवलं.

"मावशी, ओळखलं नाहीस का?"

"आम्ही वळखतोय की. तूच वळख दिली न्हाईस त्या दिवशी. पोरी, पोरी म्हणून हाक मारतोय, तर हात हिसडून गेलीस. शिकल्या-सवरल्या मैत्रिणीपुढं आमची लाज वाटली व्हय?"

मी थेट अण्णांकडे गेले. तेही दुखावलेले. "नाव घेऊन बोलत हुतो मी. तू आपली भलतीकडंच बघत हुतीस."

पुढे काही वर्षांनी सुनंदा एका लग्नात भेटली, तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. ती चकित झाली. "मी होते ना तिथं. तुला कोणीही ओळखलं नव्हतं. माझ्या कानांनी ऐकलंय."

त्या दुपारी नेमकं काय झालं, हे मला अजून कळलेलं नाही. मी मावशीची माफी मागितली... जे केलंच नव्हतं त्याची. तिनं बांगड्या भरल्या. पण त्यानंतर शेवटपर्यंत तिनं मला 'पोरी' म्हटलं नाही. 'बाई' म्हणायची.