सुनंदाचं कॅलेडियम आणि माझं फदफदं

मागच्या श्रावणात मी बायकोचं शोभेचं झाड चिंचगूळ घालून खाल्लं.

झाडाचं नाव कॅलेडियम. पानं अळूसारखी, पण त्यांवर गुलाबी ठिपके. सुनंदाने (माझी बायको) ते नाशिकहून एसटीत मांडीवर ठेवून आणलं होतं! दुसऱ्या दिवशी जव्हारच्या महिला मंडळाची कुंडी-स्पर्धा होती आणि तीनदा हुकलेलं पहिलं बक्षीस यंदा ती सोडणार नव्हती. रंगवलेल्या कुंडीत लावायला तिने झाड मुळासकट काढलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून मागच्या पायरीवर ठेवलं आणि लाल माती आणायला गेली.

आता या पायरीचा एक रिवाज आहे. पोशेऱ्याची जनीबाई दर सोमवारी रानभाजी घेऊन येते. कुणी दिसलं नाही तर जुडी पायरीवर ठेवून पुढे जाते. वार नेमका सोमवार. "वा! तेरा!" म्हणत मी जुडी उचलली. (तेरा म्हणजे रानातला अळू. मोखाड्यात वीस वर्षं नोकरी केल्यामुळे रानभाज्यांतलं मला सगळं कळतं, असं तेव्हा मी सांगत असे.) ठिपके दिसले, नाही असं नाही. पण डोंगरावरच्या पानाला रंग चढायचाच, अशी मी स्वतःची समजूत घातली. सुनंदाला आयतं जेवण मिळावं म्हणून फदफदं मीच शिजवलं!

पहिल्याच घासाला घशात कुसळं शिरली. तेरा खाजतोच, चिंच वाढवली. दुसरा घास. ओठ सुजले. आणखी चिंच! तिसऱ्या घासाला दारात जनीबाई, डोक्यावर पाटी.

"भाऊ, तेरा घेस का?"

"मद ही जुदी कुनाची?" माझी जीभ वळेना.

तिने पातेल्यात पाहिलं. "यो तेरा नाय, भाऊ! गुलाबी तेरा कुठं आसतो? थुक आधी, थुक!"

तेवढ्यात सुनंदा आली. तिने रिकामं गोणपाट पाहिलं, पातेलं पाहिलं, मग मला.

"माझं झाड?"

मी पोटाकडे बोट दाखवलं. उरला होता तो नुसता कंद. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांच्या इंजेक्शनने घसा मोकळा झाला, पण तोंडभर लाल चट्टे राहिले. सकाळी सुनंदाने मातीने भरलेली कुंडी स्पर्धेत मांडली आणि मला तिच्या मागे उभं केलं.

"झाड कुठाय?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"हे काय!" सुनंदा म्हणाली. "सगळी पानं आत आहेत. ठिपके तेवढे बाहेर आलेत."

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं पुन्हा हुकलं, कारण बाईंचा शेरा होता, 'रंग उत्तम, पण बुंधा फार सुटला आहे!'