ट्रम्पेटनं उचललेली ओळ

देवाची भांडी चिंचेनं घासायला घेतली की मला आमची सोलापूरची गच्ची आठवते. धाकटा भाऊ तिथं गिटार घेऊन एकटाच उदास ब्लूज गात बसायचा. मग त्याला सोल, म्हणजे बँडच्या साथीनं जीव ओतून म्हणायची गाणी, गावंसं वाटू लागलं. त्याला ट्रम्पेटची साथ हवी, म्हणून त्यानं लग्नाच्या बँडमधल्या एका काकांना बोलावलं. काका चिंचेनं लखलखीत घासलेला ट्रम्पेट घेऊन आले, आणि भावानं तोंड उघडलं की त्याचीच चाल त्याच्याहून मोठ्यानं वाजवू लागले. भाऊ वैतागला, "काका, मी गातोय ना!" काका म्हणाले, "वरातीत गाणारा कुटं असतो? गाणं आमीच म्हणायचं की." शेवटी ठरलं, भाऊ थांबेल तेव्हाच काकांनी वाजवायचं. मग त्यानं आईवर केलेलं गाणं सुरू केलं. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. 'दार उघडं ठेव' म्हणताना तो मधेच अडला, पुढचं गाता येईना. काकांनी ती ओळ तिथूनच उचलली आणि शेवटपर्यंत नेली, वरातीत कधी वाजवत नाहीत इतकी हळू. आता भावाला ती ओळ पुरी गाता येते. तरी कार्यक्रमात त्या ओळीशी तो अजून काकांसाठी थांबतो, आणि समोर बसलेली मी मनात म्हणते, काका, उचला.